किलपेकचं चर्च : एवढ्याशा गावात असलं कोरीवकाम आलं कुठून, आणि टिकलं कसं?

सह्यवाट
नमस्कार मंडळी. जुनी देवळं, लेणी, किल्ले यांवर इथे भरभरून लिहिलं जातं, म्हणून हा विषय इथेच काढतोय.

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीला लागून हेरफर्डशायर आहे. हेरफर्ड शहरापासून नैर्ऋत्येला नऊ-एक मैलांवर किलपेक हे खेडं. थोडी घरं, एक पब, मागे किल्ल्याची टेकडी, तिच्यावर पडक्या भिंतींचे अवशेष, आणि जवळच सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांचं पॅरिश चर्च, म्हणजे गावाचं चर्च. बांधकाम साधारण ११४० च्या सुमाराचं, तांबड्या वालुकाश्मातलं. आराखडा अगदी सरळ : आधी गावकऱ्यांचं लांबट दालन म्हणजे नेव्ह, मग पाद्र्यांचं चॅन्सेल, शेवटी अर्धगोल ॲप्स. सभामंडप, अंतराळ, गाभारा या क्रमाची सवय असलेल्या आपल्या माणसाला आत कुठे काय आहे ते सांगावं लागत नाही.

खरी गंमत बाहेर आहे. दक्षिणेच्या दारावर द्राक्षांचे घोस लागलेलं झाड, कमानीभर पक्ष्यांची आणि राक्षसांची तोंडं, शेपूट तोंडात धरलेले सर्प. डाव्या खांबावर वेलींच्या गुंत्यात दोन योद्धे, अंगात चक्क तुमानी. पश्चिमेच्या भिंतीतून जबडे वासलेली ड्रॅगनची मुंडकी बाहेर आलेली. आणि छताच्या कडेखाली चर्चला वेढा घालून कोरीव टोडे, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले आधाराचे दगड : मूळच्या ९१ पैकी ८५ शिल्लक आहेत. कुत्रा-ससा, मेंढा, डुक्कर, सारंगीसारखं वाद्य वाजवणारा माणूस, मिठी मारलेली जोडी, तोंडात माणसं धरलेलं अस्वल, आणि पाय फाकवून बसलेली ती प्रसिद्ध बाई.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एवढ्या आडबाजूला एवढा खर्च कुणी केला? देवाच्या घरावर असले विषय का? आणि इंग्लंडात सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या आणि सतराव्या शतकातल्या राजा-संसद यादवीच्या काळात एवढी मोडतोड झाली, त्यात हे कसं वाचलं? जाणकारांनी लिहावं. माझा अंदाज मी नंतर सांगतो.

रानजाई
फोटो!!! फोटोशिवाय असले धागे काढणाऱ्याला दंड हवा.

सह्यवाट
@रानजाई, टाकतो. ऊन डोक्यावर असताना काढलेत, सगळ्या टोड्यांवर छताची सावली आहे. सकाळी जाऊन नीट काढायचा विचार आहे.

इतिहासवेडा
सुंदर विषय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आज आडबाजूला वाटतं, पण त्या काळी किलपेक आडबाजूला नव्हतं. हा सीमेवरचा मुलूख. १०६६ मध्ये फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मनांनी वेल्सच्या हद्दीवर आपले सरदार बसवले. १०८६ च्या डूम्सडे या जमिनींच्या राजकीय नोंदवहीत किलपेक विल्यम फिट्झ नॉर्मनकडे आहे. त्याचा मुलगा ह्यू यानं ११३४ मध्ये इथलं चर्च ग्लॉस्टरच्या सेंट पीटर मठाला दान दिलं आणि मठाची छोटी शाखाही इथे आली. आज दिसतं ते चर्च याच काळातलं. पुढे किल्ल्यात खुद्द किंग जॉन येऊन राहिलेला आहे. म्हणजे त्या खेड्यात तेव्हा किल्ला, मठ आणि चर्च असा सगळा सरंजाम होता. चर्चजवळच्या शेतात उठलेल्या वस्तीच्या खुणा आजही उंचवट्यांच्या रूपात दिसतात. नेव्हच्या ईशान्य कोपऱ्यात नॉर्मनांच्या आधीच्या बांधकामाचा तुकडा दाखवतात, आणि सेंट डेव्हिड हा तर वेल्सचाच संत. तेव्हा जागा आधीपासून पवित्र मानलेली असणार.

आता कारागीर. जवळच्या मॉर्टिमर घराण्याचा ऑलिव्हर द मर्लिमॉन्ड नावाचा कारभारी होता. तो स्पेनमधल्या सांतियागो द कंपोस्तेलाच्या यात्रेला गेला आणि परत आल्यावर त्यानं शॉब्डनला चर्च बांधलं. शॉब्डन, किलपेक, इयर्डिस्ली, ब्रिन्सॉप इथलं काम एकाच शैलीचं आहे, तिला हेरफर्डशायर शैली म्हणतात. यात्रेच्या वाटेवर, पश्चिम फ्रान्समध्ये, ऑलिव्हरबरोबरच्या माणसांनी जे पाहिलं ते त्यांनी इथे उतरवलं, असा एक प्रबळ कयास आहे.

चुनागच्ची
इतिहासवेडा, यात्रेची गोष्ट मला नेहमीच जरा जास्त सोयीची वाटते. प्रत्येक चांगल्या कामासाठी कुणीतरी परदेशी जाऊन आलेला यजमान शोधायचा, म्हणजे स्थानिक पाथरवटाला श्रेय द्यायला नको. किलपेकमध्ये फ्रान्सचं काय आहे? टोड्यांची रांग, कमानीभोवती आकृत्या लावायची पद्धत. आणि पश्चिम भिंतीवरचे ड्रॅगन? ते सरळ उत्तरेकडचे, व्हायकिंग लाकूडकामाच्या घराण्यातले. खांबावरच्या गाठी मारलेल्या वेली? त्या ब्रिटनमध्ये शतकानुशतकं कोरल्या जात होत्या. हे सगळं एकत्र करणारे हात इथलेच असणार, निदान त्यांपैकी बरेच.

मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं दगडाबद्दल. टोडा ही शोभेची वस्तू नाही. भिंतीच्या माथ्यावर बाहेर आलेली दगडी पट्टी असते, ती पेलायला खाली टोडे लागतात. त्यांचा मागचा भाग भिंतीत खोल गेलेला असतो, बाहेर फक्त नाक दिसतं. बहुतेक वेळा ते आधी जमिनीवर बसून कोरायचे आणि मग भिंत चढत जाईल तसे बसवायचे. म्हणून प्रत्येक टोडा स्वतंत्र, शेजारच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. या रांगेतून सलग कथा शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं, टिकण्याबद्दल. वालुकाश्म म्हटलं की लोकांना भुसभुशीत दगड आठवतो. किलपेकला वापरलेला तांबडा दगड फार चिवट निघाला. त्यात छताची कड टोड्यांना पावसापासून आडोसा देते. सह्यवाट यांच्या फोटोवर पडलेली सावली आणि नऊशे वर्षं शाबूत राहिलेली नाकं, दोन्हींचं कारण एकच.

आगाऊ_पोरगा
तो कुत्रा-ससा टोडा शोधून पाहिला. ११४० चा आहे यावर विश्वास बसत नाही, थेट कार्टूनमधून उचललाय! कुत्र्याचे डोळे बघा. माझ्या पोरीनं तो भिंतीवर चिकटवलाय.

निळावंती
त्या बाईबद्दल कुणीच लिहिना, म्हणून मी लिहिते. तिला शीला-ना-गिग म्हणतात. दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी, मोठं डोकं, गोल डोळे, टक्कल. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये अशी बरीच शिल्पं आहेत. पाहिल्याबरोबर मला आपली लज्जागौरी आठवली. तेरला मिळालेल्या छोट्या मूर्ती किंवा बदामीची ती सुंदर मूर्ती पाहा. तीच बैठक. मला वाटतं, जननशक्तीची जुनी पूजा दोन्हीकडे होती आणि इथे चर्चनं तिला भिंतीवर जागा देऊन सामावून घेतलं.

इतिहासवेडा
निळावंतीताई, बैठक सारखी दिसते हे मान्य, पण पुढचं नाही पटत. लज्जागौरी पूजेची देवता आहे. तिच्या डोक्याच्या जागी कमळ असतं, शरीर भरलेलं, प्रसूतीच्या आसनातलं, तिच्यासमोर नवस बोलले जातात. किलपेकची बाई उंच छताखाली, कुत्र्या-राक्षसांच्या रांगेत बसलीय. तिच्यापुढे दिवा लावायला जागा नाही की फूल वाहायला. छाती सपाट, चेहरा भेसूर. माता म्हणून कोरली असती तर अशी कोरली नसती. फ्रान्स आणि उत्तर स्पेनच्या त्या काळच्या चर्चांवरही अशी नग्न माणसं, बाई-पुरुष दोन्ही, टोड्यांवर सर्रास दिसतात. वासनेचं पाप डोळ्यांसमोर ठेवायला ती कोरली, असं बरेच अभ्यासक मानतात.

निळावंती
पाप दाखवायचं तर शिक्षा दाखवतात. हिला कोण शिक्षा करतंय? ती तर मजेत बसलीय. आणि पुढच्या काळात आयर्लंडात किल्ल्यांच्या दारांवरसुद्धा शीला बसवलेल्या आहेत. किल्ल्याला वासनेवर प्रवचन कशाला हवंय? दृष्ट लागू नये, वाईट आत येऊ नये, हेच कारण असणार. आपल्याकडे दारावर काय काय टांगतात ते आठवा.

चुनागच्ची
राखणदारीचा मुद्दा मला पटतो. पश्चिमेचे ड्रॅगन, दारावरची मुंडकी, कडेनं टोडे : बाहेरचा प्रत्येक उघडा भाग कुणीतरी पहाऱ्यावर असल्यासारखा आहे. आत गेलात की सूर बदलतो. चॅन्सेलच्या कमानीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन संत एकावर एक उभे, एकाच्या हातात किल्ली म्हणजे पीटर. शांत, सरळ, लांबट. ॲप्सच्या छताच्या मध्यावर फासळ्या मिळतात तिथे मात्र पुन्हा चार श्वापदं तोंड काढून आहेत.

नवखी_वाचक
फार छान धागा. मी लेस्टरला असते, आजूबाजूला प्रत्येक गावात चर्च, पण बघायचं काय तेच कळत नाही. काळ कसा ओळखायचा? एखादी सोपी युक्ती सांगाल का कुणी?

इतिहासवेडा
@नवखी_वाचक, आधी कमानी पाहा. अर्धगोल कमान, जाड भिंत, लहान खिडकी, नागमोडी नक्षी : नॉर्मन, म्हणजे ढोबळपणे ११९० पर्यंत. उंच, अरुंद, टोकदार खिडक्या, सुट्या किंवा गटानं : पुढची साठ-सत्तर वर्षं. खिडकीच्या माथ्यावर दगडाची वळणदार जाळी आली की चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध जवळ आला. आणि खिडकी प्रचंड, सरळ उभ्या दगडी पट्ट्या वरपर्यंत गेलेल्या, कमान जराशी चपटी : ती परपेंडिक्युलर, साधारण १३५० ते १५३० च्या दरम्यानची. ही वर्गवारी थॉमस रिकमन यानं १८१७ मध्ये छापली आणि अजून तीच चालते.

पण एकच चर्च एकाच काळाचं क्वचित असतं. नेव्ह नॉर्मन, बाजूची दालनं तेराव्या शतकातली, मनोरा पंधराव्या, बाकं व्हिक्टोरियन. भिंतींचे सांधे, मनोऱ्यावर उरलेली जुन्या छपराची तिरकी रेघ, बुजवलेलं दार हे शोधत फिरा. किलपेक विरळा आहे तो यासाठी की तिथे पुढच्या शतकांनी मूळ आराखड्यात फारशी भरच घातली नाही.

सफोकवासी
आता माझं वेगळं मत. किलपेक सुंदर आहे, पण इंग्लिश पॅरिश चर्चचा विषय निघाला की सगळे किलपेकलाच धावतात. ते सरदाराचं चर्च आहे. गावाचं चर्च बघायचं तर पूर्वेला या, सफोकमध्ये. लोकरीच्या आणि कापडाच्या व्यापारात पैसा आला तेव्हा पंधराव्या शतकात लाँग मेलफर्ड, लॅव्हनम इथल्या कापडवाल्यांनी आपापल्या गावात जी चर्चं उभी केली ती पाहिलीत की पाय निघत नाही. लाँग मेलफर्डला तर देणगीदारांची नावं भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गारगोटीच्या कामात मोठ्या अक्षरांत बसवलीत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा म्हणून.

आणि ब्लाइथबर्ग! खाडीकाठच्या दलदलीच्या वर एकटं उभं असलेलं होली ट्रिनिटी चर्च. आत लाकडी छत, त्याच्या मध्यावर पंख पसरलेले देवदूत, रंग अजून अंधुक दिसतो. ४ ऑगस्ट १५७७ ला प्रार्थना चालू असताना वादळ झालं, मनोऱ्याचं निमुळतं शिखर छतातून आत कोसळलं, माणसं मेली. उत्तरेच्या दारावर जळल्यासारखे डाग आहेत, ते काळ्या सैतानी कुत्र्याचे पंजे म्हणून दाखवतात. १६४४ मध्ये विल्यम डाउजिंग आला. संसदेच्या बाजूनं मूर्ती-चित्रं मोडण्याचं कामच त्याच्याकडे होतं, आणि त्यानं कुठे काय मोडलं याची रोजनिशी ठेवली. ब्लाइथबर्गचे देवदूत उतरवायचा हुकूम त्यानं दिला. देवदूत अजून वरच आहेत.

आगाऊ_पोरगा
हुकूम दिला, पण तेवढी उंच शिडी कुणाकडे होती?

रानजाई
देवदूतांवर गोळ्या झाडल्या होत्या ना डाउजिंगच्या माणसांनी? कुठेतरी ऐकलंय.

सफोकवासी
@रानजाई, ती गोष्ट तिथे जाल तिथे ऐकू येते. देवदूतांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले हे खरं. पण चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या चर्चवॉर्डनच्या अठराव्या शतकातल्या हिशेबात जॅकडॉ म्हणजे छोटे कावळे मारण्यासाठी दारूगोळ्याचे पैसे दिल्याची नोंद आहे, आणि छर्रे त्याच काळातले निघाले. कावळे मारताना देवदूत जखमी झाले.

आगाऊ, शिडीचा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे. ज्याला हात पोचला ते गेलं. काचा, क्रूस, संतांची तोंडं, थडग्यांवरची पितळी अक्षरं.

इतिहासवेडा
थोडी पुस्ती. सगळी मोडतोड डाउजिंगच्या आणि यादवीत संसदेच्या बाजूनं लढलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या काळात झाली असा समज आहे. फार मोठा भाग त्याच्या शंभर वर्षं आधी गेला. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल वेगळा. त्याच्याच हुकमानं १५३८ पासून प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही सुरू झाली, ज्यावर आज सगळे वंशावळी शोधतात. १५४७ नंतर, सहाव्या एडवर्डच्या काळात, मूर्ती काढल्या, भिंतींवरच्या चित्रांना चुना फासला. त्याआधी ही चर्चं आतून रंगीबेरंगी होती. आज जी पांढरी, सोज्ज्वळ भिंत आपल्याला इंग्लिश वाटते तिच्याखाली नरकाची लालभडक आग असू शकते.

सफोकवासी
वेनहॅस्टनला नेमकं तेच झालं! १८९२ मध्ये दुरुस्ती करताना चॅन्सेलच्या कमानीवरच्या जुन्या चुना लावलेल्या फळ्या काढून बाहेर आवारात टाकल्या. रात्री पाऊस आला. चुना धुतला गेला आणि खालून अंतिम न्यायाचं अख्खं चित्र वर आलं : आत्म्यांचा तराजू, मोठ्या माशासारखा नरकाचा जबडा, राजा-बिशप नागडे, फक्त डोक्यावर मुकुट-टोपी. फळ्या आज चर्चमध्ये आहेत. पाऊस एक दिवस उशिरा आला असता तर त्या जळणात गेल्या असत्या.

रानजाई
अंगावर काटा आला.

घंटानाद
सगळं दगडावरच चाललंय, मग मनोऱ्यात काय असतं ते कोण सांगणार? मी इथे सॉमरसेटमध्ये गावच्या चर्चला घंटा वाजवायला जातो, म्हणून हे अवांतर.

इंग्लंडातली चर्चची घंटा पूर्ण चाकावर बसवलेली असते. दोर ओढला की ती तोंड वर ते तोंड वर असा जवळजवळ पूर्ण फेरा घेते. त्यामुळे तिचा वेग फार बदलता येत नाही, आणि सूरावट वाजवणं शक्यच नाही. मग सतराव्या शतकात लोकांनी निराळाच खेळ काढला : सूर तेच, क्रम बदलत न्यायचा. प्रत्येक फेरीत प्रत्येक घंटेनं फार तर एक जागा पुढे-मागे सरकायचं आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सात घंटांचे असे ५०४० क्रम होतात, सगळे वाजवायला तीन तासांच्या आसपास लागतात. कागद समोर ठेवायचा नाही, सगळं पाठ. धर्माशी संबंध नसलेले लोकही यात असतात. आमच्या गटात मी एकटा मराठी, आणि पाढे पाठ असल्याचा उपयोग होतो असं मी त्यांना सांगितलंय.

आगाऊ_पोरगा
तीन तास! शेजारी राहणाऱ्यांचं काय?

घंटानाद
मनोऱ्याच्या झडपा बंद करतात, आणि आधी गावात कळवतात. गणपतीत आपण कळवतो का?

कुलाबेकर
घंटांवरून आठवलं. असं इंग्लिश पॅरिश चर्च पाहायला मुंबईकरांना विमान नको, कुलाब्याला नेव्ही नगरच्या वाटेवरचं अफगाण चर्च पाहा. नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक म्हणून बांधलं, १८५८ मध्ये त्याचं प्रतिष्ठापन झालं. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा, विहार तलावाची योजना करणारा तोच अभियंता. त्या वेळी इंग्लंडात तेराव्या शतकातलं गावचं चर्च हाच आदर्श मानणारी एक चळवळ जोरात होती आणि वसाहतींतही तसंच बांधा असा तिचा आग्रह. आतल्या सजावटीसाठी विल्यम बटरफील्डसारख्या नामांकित वास्तुविशारदानं काम केलं. पण दगड आपला, कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा. वर नवखी_वाचक यांना सांगितलेल्या उंच अरुंद टोकदार खिडक्या तिथे अगदी पुस्तकातल्यासारख्या दिसतात. आत भिंतींवर मेलेल्यांची नावं वाचताना फार अस्वस्थ व्हायला होतं. त्यांतली कित्येक माणसं ऐन विशीतली.

चुनागच्ची
कुलाबेकरांनी त्या चळवळीचा उल्लेख केला ते बरं झालं, कारण तिच्या लोकांनी जुन्या चर्चांचं भलंही केलं आणि वाटोळंही. एकोणिसाव्या शतकात हजारो चर्चांची दुरुस्ती झाली. छपरं वाचली. पण 'अस्सल' तेरावं शतक परत आणायच्या हट्टापायी पंधराव्या शतकातल्या खिडक्या उपटल्या, गिलावा खरवडून दगड उघडे पाडले, अठराव्या शतकातली, जॉर्जियन काळातली सुंदर लाकडी बाकं जाळली. त्याला वैतागून विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं म्हणणं साधं : डागडुजी करा, जीर्णोद्धाराच्या नावाखाली नवं बांधू नका. आमच्या व्यवसायात आजही हीच दिशा आहे, आणि आपल्याकडे देवळांवर ऑइल पेंट फासणाऱ्यांना ती कुणीतरी शिकवायला हवी.

किलपेक इथे नशीबवान ठरलं. १८४० च्या दशकात लुईस कॉटिंगहॅमच्या देखरेखीखाली त्याची दुरुस्ती झाली. घंटेची छोटी कमान त्या वेळची. कोरीवकाम मात्र सुधारून गुळगुळीत करायचा मोह टळला. त्याच सुमारास, १८४२ मध्ये, जॉर्ज लुईस या चित्रकारानं एकेका टोड्याची रेखाटनं प्रसिद्ध केली, त्यामुळे नंतर काय झिजलं हे ताडून पाहता येतं.

पानगळ
मी नुसतीच वाचत होते, पण आता लिहिते. आमच्या गावच्या चर्चच्या देखभाल समितीत मी आहे. मी हिंदू आहे हे कुणाला कधी खटकलं नाही, चहा आणि हिशेब नीट जमले म्हणजे झालं.

ही चर्चं आज कोण टिकवतंय तर सरासरी सत्तरीतली दहा-पंधरा माणसं. सरकार टिकवतं असा आपल्याकडे समज आहे, तो सोडा. छपरावरचं शिसं चोरीला जातं. वटवाघळांना १९८१ च्या कायद्यानं संरक्षण आहे, त्यांना हाकलता येत नाही आणि त्यांची विष्ठा पितळेवर आणि जुन्या चित्रांवर पडते. साधं बाक हलवायचं तरी चर्चच्या न्यायव्यवस्थेची परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. आमच्या एका नळाच्या परवानगीत दोन उन्हाळे गेले. तरी मी म्हणेन की ती व्यवस्था हवी, नाहीतर दर नव्या पाद्र्याबरोबर चर्चचं अंतरंग बदललं असतं.

आणखी एक जुनी गोष्ट लोकांना माहीत नसते. नेव्हची दुरुस्ती गावकऱ्यांनी करायची आणि चॅन्सेलची रेक्टरनं, म्हणजे ज्याला गावच्या पिकाचा दशांश मिळतो त्यानं, असा मध्ययुगापासूनचा रिवाज. मठ बंद झाल्यावर त्यांच्या जमिनी खासगी हातांत गेल्या आणि जमिनीबरोबर ही जबाबदारीही. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलोच्या प्रकरणात एका शेताच्या मालकांवर चॅन्सेलच्या दुरुस्तीचा बोजा आला, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००३ मध्ये निकाल मालकांच्या विरोधात लागला. तेव्हापासून घर घेताना इथले वकील हेही तपासतात.

नवखी_वाचक
बापरे. मी गेल्या महिन्यात घर घेतलंय, वकिलांना फोन करते!

पानगळ
@नवखी_वाचक, घाबरू नका. तुमच्या कागदपत्रांत त्याचा शोध घेतलेला असण्याची शक्यता भरपूर आहे.

सह्यवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. कबूल केल्याप्रमाणे माझा अंदाज लिहितो.

इतिहासवेडा यांनी शॉब्डनचा उल्लेख केला, आणि मला वाटतं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. त्याच शैलीचं, बहुधा किलपेकच्या थोडं आधीचं काम. पण अठराव्या शतकात शॉब्डन श्रीमंत आणि हौशी जमीनदारांच्या, बेटमन घराण्याच्या हातात होतं. १७५० च्या दशकात त्यांनी जुनं चर्च पाडून त्या जागी केकच्या नक्षीसारखं पांढरंशुभ्र, नाजूक नवं चर्च बांधलं. ते देखणं आहे, मी नाकारत नाही. जुन्या कमानी त्यांनी फेकल्या नाहीत, टेकडीवर नेऊन शोभेसाठी उघड्यावर उभ्या केल्या. वारा-पावसानं त्यांवरची शिल्पं अशी झिजलीत की माणूस कुठला आणि पान कुठलं कळत नाही.

किलपेकचं वैभव तोवर सरलं होतं. यादवीच्या काळात किल्ला निकामी केला गेला होता, मठाची शाखा केव्हाच गेली होती. चर्च मोठं करायला किंवा नव्या चालीनं बांधायला पैसा असलेला कुणी उरला नाही. माझ्या मते चर्च वाचलं ते गाव गरीब झाल्यामुळे.

सफोकवासी
शॉब्डनची तुलना जबरदस्त आहे, पण निष्कर्ष एवढा सरसकट करू नका. नॉरफक-सफोकमध्ये गरिबीनं पडलेली चर्चं मी ढिगानं दाखवतो. वस्ती उठली, छप्पर गेलं, दगड शेजारच्या शेतकऱ्यानं गोठ्याला नेले. गरिबीनं नवं बांधकाम टळतं, पण गळकं छप्पर कुणी शाकारायचं? किलपेकला इतक्या शतकांत कुणीतरी ते शाकारत राहिलं. हिशेबात नाव न आलेली ती माणसं तुमच्या उत्तरातून गळतात.

चुनागच्ची
सफोकवासींशी सहमत. दोन्ही लागतं. आणि तिसरं म्हणजे विषय. मूर्तिभंजकांना राग पूजेच्या वस्तूंचा होता. कुत्रा, ससा, डुक्कर यांच्यापुढे कुणी मेणबत्ती लावत नव्हतं. तुमचा दुसरा आणि तिसरा प्रश्न इथे एकमेकांना मिळतात : देवाच्या घरावर 'असले' विषय होते म्हणूनच त्यांतले इतके राहिले.

निळावंती
पण मग आतले संत कसे राहिले? पीटर तर किल्लीसकट उभा आहे. तुमच्या हिशेबानं तो पहिला जायला हवा होता.

चुनागच्ची
चांगला प्रश्न आहे. तो कमानीचाच भाग आहे, काढला तर कमान उकलावी लागते. पण तोंड तासायला कमान उकलावी लागत नाही, तेव्हा माझं उत्तर अर्धंच आहे.

इतिहासवेडा
मला वाटतं तिथे सीमेचा मुलूख आडवा आला. पूर्वेत डाउजिंग होता, म्हणून पूर्वेत एवढी मोडतोड. त्याचा अधिकार केंब्रिजशायर, सफोक आणि आसपासच्या परगण्यांपुरताच होता. हेरफर्डशायर यादवीत बहुतांशी राजाच्या बाजूचं, आणि जुन्या धर्माला मानणारी घराणीही त्या पट्ट्यात बरीच. तिथे छिन्नी घेऊन शिडीवर चढणारा माणूस पाठवायला तितका उत्साह नसावा.

रानजाई
फोटो अजून आलेले नाहीत, नोंद घ्यावी.

सह्यवाट
@रानजाई, येत्या रविवारी सकाळीच जातोय, तेव्हा काढतो. निळावंतीताईंच्या प्रश्नासाठी पीटरचं तोंड जवळून बघतो, मुद्दाम तासल्याची खूण दिसते का. तिथून पुढे इयर्डिस्लीला जायचं आहे. काय बघू?

इतिहासवेडा
बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. त्याच्या भोवती पूर्ण फेरी मारा. दोन योद्धे लढताहेत, एकाकडे भाला, एकाकडे तलवार. पुढे ख्रिस्त एका माणसाला मनगटाला धरून नरकातून ओढून काढतोय, आणि एक मोठा सिंह आहे. त्या योद्ध्यांच्या कपड्यांच्या चुण्या आणि किलपेकच्या दारावरच्या दोघांच्या तुमानी शेजारी ठेवून बघा. छिन्नी एकाच हातातली आहे की नाही, ते फोटो पाहून चुनागच्चींनी सांगावं.